घडीची व विशेष कामाची आसने

घडीची व विशेष कामाची आसने : नेहमीची खुर्ची एका जागी उभी असते आणि तिच्यावर कोणीही, कशासाठीही बसू शकतो. प्रवास, युद्ध, आजार किंवा एखादा विशिष्ट व्यवसाय यांमुळे ही सोय अपुरी पडली, की निराळ्या घडणीचे आसन तयार होते. घडी घालून वा सुटे करून सोबत नेता येणारी आसने आणि एकाच कामासाठी किंवा एकाच माणसाच्या शरीरासाठी घडवलेली आसने, असे दोन्ही प्रकार या नोंदीत घेतले आहेत. दिसायला ती एकमेकांपासून फार दूरची आहेत. त्यांतल्या उत्तम नमुन्यांत मात्र एक युक्ती पुन्हापुन्हा आढळते : बसणाऱ्याच्या वजनालाच कामाला लावलेले असते. कापड ताणणे, सांधे आवळणे, अवजार जागेवर धरून ठेवणे ही कामे ते वजन करते आणि त्यामुळे लाकूड, लोखंड व खिळे कमी लागतात.

सर्वांत जुना ज्ञात प्रकार कैचीच्या पायांच्या स्टुलाचा. दोन चौकटी मध्यावर खिळीने जोडून फुलीसारख्या उघडतात आणि वरच्या दोन दांड्यांमध्ये कातडे किंवा कापड लावलेले असते. माणूस बसला की पाय फाकू लागतात. कापड त्यांना अडवते आणि त्या ओढाताणीत आसन स्थिर होते. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात (शोध १९२२) अशी स्टुले मिळाली. त्यांच्या पायांची खालची टोके बदकाच्या डोक्याच्या आकाराची असून ती बदके तळाची दांडी चोचीत धरून आहेत. त्याच थडग्यात फुलीच्या पायांचे, पण घडी न होणारे एक स्टूलही आहे. घडीच्या आसनाचा आकार तोवर प्रतिष्ठेची खूण झाला होता, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल. डेन्मार्कमध्ये गुल्डहॉय येथील कांस्ययुगीन दफनातही साधारण त्याच काळातले, अ‍ॅश लाकडाचे घडीचे स्टूल सापडले. त्याच्या बैठकीला पाणमांजराचे कातडे होते. रोमन प्रजासत्ताकात उच्च अधिकाऱ्यांसाठी हस्तिदंताने मढवलेले कैचीचे आसन असे आणि ते अधिकाऱ्याबरोबर जाई. चीनमध्ये घडीचे स्टूल हान राजवटीच्या अखेरीस वायव्येकडून आले. सोंग काळापर्यंत त्याला गोलाकार पाठ आणि हात जोडले जाऊन घडीची मानाची खुर्ची तयार झाली.

भारतात ही गरज पुष्कळशी दुसऱ्याच मार्गाने भागवली गेली. मराठ्यांच्या छावणीत दरबार बिछायतीवर भरे. जाजम, गाद्या, लोड व तक्के गुंडाळून जनावरांवर लादले, की दरबाराची बैठक हलली. हे सामान व तंबू सांभाळण्यासाठी फरासखाना हे स्वतंत्र खातेच असे. खुर्ची हलकी करण्याचा प्रश्न इथे उभा राहिला नाही, कारण भुईला आसन मानले की पाय लागतच नाहीत.

भुईवर फार वेळ बसायचे, तर पाठ व खांदे अवघडतात. त्यावरचे जुने उपाय म्हणजे योगपट्ट आणि कुबडी. योगपट्ट हा कापडाचा रुंद पट्टा. तो पाठीमागून घेऊन वर उचललेल्या गुडघ्यांभोवती बांधतात. पाठ मागे रेलू पाहते, गुडघे पुढे ढकलतात आणि दोघांच्या मध्ये पट्टा ताठ राहतो. चौकटीचे काम शरीरच करते. हंपीच्या भव्य नरसिंहमूर्तीच्या गुडघ्यांभोवती असा पट्ट आहे. कुबडी म्हणजे आडव्या मुठीची आखूड काठी. जपाला बसलेल्या साधकाने हात किंवा काख तिच्यावर टेकवली, की धडाचा थोडा भार परस्पर जमिनीवर उतरतो. समर्थ रामदासांची कुबडी सज्जनगडावर जपलेली आहे. अशा साधनांना आसनांच्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. ती मिळायला हवी, कारण आसनातून अनावश्यक ते सारे काढून टाकण्याची मजल त्यांनी फार पूर्वी गाठली होती. अमेरिकेत १९८०च्या दशकात गिर्यारोहकांसाठी बिनपायांची ‘क्रेझी क्रीक’ खुर्ची निघाली. जमिनीवर पसरायची बैठक, तिला जोडलेली पाठ आणि दोन्ही बाजूंना पट्टे, एवढाच तिचा संसार. बसणाऱ्याच्या मांड्यांखालची बाजू आणि पाठ यांमधला ताण तिला उभी ठेवतो. तत्त्व योगपट्टाचेच आहे.

युरोपीय सैन्याधिकाऱ्यांना मात्र छावणीतही टेबल-खुर्ची हवी असे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिशांसाठी सुटे होणारे फर्निचर बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. पेट्यांत मावणारी जेवणाची टेबले, स्क्रूने पाय निघणारे पलंग, दोन भागांत उचलता येणारी कपाटे असे हे जड सामान होते. लष्कराच्या हालचाली वेगवान झाल्या तसे ते परवडेनासे झाले. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘रुडकी खुर्ची’ पुढे आली. रुडकी (आता उत्तराखंड) येथे बंगाल सॅपर्स या अभियंता पलटणीचे ठाणे आणि थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालय होते.

रुडकी खुर्चीत सरस नाही आणि खिळेही नाहीत. चार खरादी पाय, त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या दांड्या, पाठीच्या दोन पट्ट्या, कॅनव्हासची किंवा कातड्याची बैठक आणि हातांच्या जागी दोन कातडी पट्टे, इतकेच तिचे भाग. दांडीचे टोक, म्हणजे कुसू, निमुळते कापलेले असते आणि पायातले भोकही तसेच निमुळते. रिकामी खुर्ची उचलली तर ती खिळखिळी वाटते. नवख्याला ती मोडकीच वाटावी. बसल्यावर बैठकीचे कापड दोन्ही बाजूंच्या दांड्यांना आत ओढते, पाय एकमेकांकडे ओढले जातात आणि पुढच्या-मागच्या दांड्यांची कुसवे भोकांत आणखी रुततात. माणूस जितका जड, तितके सांधे घट्ट. सांधे मुळात सैल असल्यामुळे खडबडीत जमिनीवर प्रत्येक पाय आपापला टेकू शोधतो आणि चौथा पाय अधांतरी राहत नाही. पाठही दोन बोल्टांवर फिरती असते, त्यामुळे ती ज्याच्या त्याच्या रेलण्याप्रमाणे कलते. उठल्यावर पट्टे सोडायचे, दांड्या उपसायच्या, सगळे कापडात गुंडाळून बगलेत मारायचे. एक पाय मोडला तर गावचा सुतार खराद मारून दुसरा देऊ शके. घडीच्या आसनांच्या इतिहासात इतक्या थोड्या साहित्यात इतके प्रश्न सोडवणारी दुसरी वस्तू दाखवणे कठीण आहे. ती रुडकीच्या कोणा एकाच्या नावावर नाही, म्हणून तिचे श्रेय कमी होत नाही.

या खुर्चीचा वंश युरोपात वाढला. ल कॉर्ब्यूझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियां यांनी १९२८ मध्ये पोलादी नळ्यांची जी फिरत्या पाठीची खुर्ची केली, तिच्यात पाठीची कल्पना आणि हातांचे पट्टे हेच आहेत. डेन्मार्कच्या कोर क्लिंट यांची ‘सफारी खुर्ची’ (१९३३) तर जवळजवळ रुडकीच, फक्त अधिक रेखीव. युरोपातील आधुनिक फर्निचरच्या पुस्तकांत या दोहोंना मानाचे पान असते आणि रुडकीला तळटीप. हा क्रम उलटा करणे न्याय्य ठरेल.

दुसरी शाखा झोळीच्या खुर्च्यांची. इंग्लंडच्या जोसेफ फेन्बी यांनी १८७७ मध्ये घडीच्या लाकडी सांगाड्याच्या चार टोकांना कापडाचे चार कोपरे अडकवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. इटलीत ती ‘त्रिपोलिना’ म्हणून बनू लागली. ब्वेनोस आयरेस येथे बोनेत, कुर्चान व फेरारी आर्दोय या तिघांनी १९३८ मध्ये तीच कल्पना वाकवलेल्या लोखंडी सळ्यांत उतरवली. तिलाच ‘बटरफ्लाय चेअर’ म्हणतात. ती दिसायला हलकी, पण तिची घडी मात्र होत नाही. जहाजांच्या डेकवरून आणि इंग्लंडच्या किनाऱ्यांवरून प्रसिद्ध झालेली कापडी खुर्ची याच कुळातली. आपल्याकडील आरामखुर्ची तिची जवळची नातलग. तिच्या कापडाच्या दोन टोकांना नेफे शिवलेले असतात, नेफ्यात दांडी सरकवतात आणि मागचा टेकू खाचांमध्ये पुढेमागे करून कल बदलतात. दांडी काढून ठेवण्याची पोरांची खोड घरोघरी ठाऊक आहे. त्यात पाठीला खरी इजा होऊ शकते. ओसरीवर वर्षानुवर्षे वापरलेल्या आरामखुर्चीचे लाकूड टिकते, कापड दांडीपाशी विरते. म्हणून शिवताना तिथे दुहेरी कापड घेणे शहाणपणाचे.

समारंभांची गरज निराळी. इथे एक खुर्ची हलकी असून भागत नाही. शेकडो खुर्च्या टेम्पोत मावल्या पाहिजेत. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील नॅथॅनिएल अलेक्झांडर यांनी १९११ मध्ये चर्च व शाळांसाठी पुस्तक ठेवण्याच्या फळीसह घडीच्या खुर्चीचे पेटंट घेतले. महाराष्ट्रात मंडपवाल्यांकडच्या पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, पाठीवर डेकोरेटरचे नाव रंगवलेल्या, एका पिढीने लग्नात नि व्याख्यानमालेत वापरल्या. त्यांची बिजागरी बोटे चिमटत असे आणि उघडताना होणारा खडखडाट वक्त्याला थांबायला लावी. मग एकावर एक रचण्याच्या खुर्च्यांनी घडीच्या खुर्च्यांना मागे टाकले. डेव्हिड रोलंड यांची ‘४०/४’ (१९६४) ही नावातच हिशेब सांगते : ४० खुर्च्यांचा ढीग, उंची ४ फूट. बारीक पोलादी सळईच्या चौकटी एकमेकींत इतक्या नेमक्या बसतात, की दोन बैठकींमध्ये जेमतेम सळईच्या जाडीइतकीच जागा जाते. आंरी मासोने यांची फ्रान्समधील ‘फोतय ३००’ (१९७२) आणि तिच्यामागून जगभर पसरलेली एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची यांत सांधाच उरला नाही. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबले, की खुर्ची तयार. ती स्वस्त आहे, धुता येते, गावागावांत पोहोचली आहे. पण तिचा पाय तडकला की दुरुस्ती नाही, आणि रुडकीशी तुलना करता ही मोठी उणीव आहे.

चाकांच्या खुर्चीचा इतिहास लांब आहे. न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या अपंग घड्याळजीने १६५५ मध्ये हाताने दांडा फिरवून चालणारी तीनचाकी स्वतःसाठी बनवली. निर्णायक बदल मात्र १९३३चा. खाणीच्या अपघातामुळे पायांतील शक्ती गेलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी पोलादी नळ्यांची घडीची चाकांची खुर्ची केली. बैठकीखाली कैची, तीच इजिप्तची फुली. बैठक मधोमध वर ओढली की दोन्ही चाके जवळ येतात आणि खुर्ची मोटारीत जाते; बसले की वजनाने कैची खाली दाबली जाऊन चौकट पक्की होते. ज्याला घराबाहेर पडणेच अशक्य होते त्याला यातून प्रवास मिळाला. पुढे १९७८ मध्ये हँग ग्लायडिंगच्या अपघातात जखमी झालेल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांनी ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांसह अ‍ॅल्युमिनियमची ‘क्विकी’ खुर्ची केली आणि चाकांची खुर्ची एकदम हलकी झाली. खेळाच्या खुर्च्यांत आता घडी नसतेच. चाके खाली फाकलेली असतात, त्यामुळे वळताना खुर्ची कलंडत नाही आणि चाक ढकलणारा हातही मोकळा राहतो. भारतात मद्रास आयआयटीने २०१९ मध्ये ‘अराइज’ ही बसलेल्या माणसाला उभे करणारी खुर्ची आणली. उभे राहता येणे हे रक्ताभिसरणासाठी आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा देण्यासाठीही महत्त्वाचे असते.

कामाशी बांधलेल्या आसनांत सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. विळीचा पाट हा आसनही आहे आणि पकडही. कोकण-गोव्यातल्या जड लाकडी विळीवर बाई बसते किंवा पाय दाबून धरते. पात्याच्या शेंड्याची दातेरी खवणी नारळाला भिडते आणि दोन्ही हात वाटी फिरवायला मोकळे असतात. ओट्याला शिकंजा लावून जे साधायचे, ते इथे शरीराच्या भाराने साधते. आल्प्समधले गवळी एका पायाचे स्टूल कमरेला पट्ट्याने बांधून गाईंमधून फिरतात. दोन पाय माणसाचे, तिसरा स्टुलाचा. कोरियातले शेतकरी फोमची गोल बैठक मांड्यांना अडकवून वाफ्यातून सरकतात. मध्ययुगीन युरोपीय चर्चमध्ये तासन्‌तास उभे राहणाऱ्यांसाठी उचललेल्या बैठकीच्या खालच्या बाजूस एक लहान कड कोरलेली असे, तिच्यावर नकळत टेकता येई. दुसऱ्या शतकातल्या सोरानस या वैद्याने प्रसूतीच्या आसनाचे वर्णन केले आहे : बैठकीत चंद्रकोरीसारखी पोकळी आणि कळ सोसताना धरायला दोन्ही बाजूंना आधार. उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्यांचा दोरावरचा फळीचा झुला हा जहाजावरील खलाशांच्या आसनाचा वारस आहे; त्यावर बसणाऱ्याला स्वतंत्र सुरक्षादोर असणे ही चैन नसून किमान अट आहे.

सर्वांत टोकाची गरज आकाशात उद्भवते. लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाची इंग्लंडमधील मार्टिन-बेकर कंपनीची, माणसासह उडत्या विमानातली पहिली चाचणी बर्नार्ड लिंच यांनी २४ जुलै १९४६ रोजी स्वतः दिली. पुढे रॉकेटच्या साहाय्याने जमिनीवर उभ्या विमानातूनही सुटका करणारी आसने झाली. ओझर (नाशिक) येथे जुळणी होणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानात रशियाच्या ‘झ्वेझ्दा’ संस्थेचे ‘के-३६’ आसन असते. सुटकेच्या क्षणी आसन पट्टे ओढून वैमानिकाचे धड पाठीला खेचून घेते, कारण पाठीचा कणा वाकडा असताना तो धक्का सोसवत नाही.

हीच संस्था सोयूझ अंतराळयानाची ‘काझबेक’ आसनेही बनवते. त्यांत प्रत्येक अंतराळवीरासाठी त्याच्या पाठीचा साचा घेऊन घडवलेले अस्तर बसवतात. वजनरहित अवस्थेत कणा लांबतो, म्हणून डोक्याकडे थोडी जागा जास्त ठेवतात. जमिनीवर उतरतानाचा धक्का या अस्तरामुळे पाठभर वाटला जातो. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयूझ टी-११ मधून गेले आणि सोयूझ टी-१० मधून परतले; यान बदलले की अस्तरही काढून दुसऱ्या यानात बसवावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये सोयूझ एमएस-२२ मधून शीतक गळू लागले, तेव्हा अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबियो यांच्यासाठी आणीबाणीच्या परतीची सोय म्हणून त्यांचे अस्तर जानेवारी २०२३ मध्ये स्पेसएक्सच्या ‘एन्ड्युरन्स’ यानात नेऊन बांधण्यात आले आणि बदली सोयूझ पोहोचल्यावर ते पुन्हा तिकडे हलवले गेले.