वार्तापटाची कुळकथा

एप्रिल १९३२ मध्ये पॅरामाउंट या अमेरिकी कंपनीच्या वार्तापट विभागाने लंडनमध्ये एका पाहुण्याचे चित्रीकरण केले. हे पाहुणे म्हणजे नगरजवळच्या अरणगावी, मेहेराबादला ज्यांचा आश्रम होता ते मेहेर बाबा. बोलपटाची नवलाई तेव्हा ताजी होती. पडद्यावरच्या माणसाचा आवाज ऐकायला लोक तिकीट काढत होते. बाबांनी मात्र १० जुलै १९२५ पासून मौन धरले होते. ते अक्षरफलकावर बोट फिरवत आणि त्यांचे इंग्रज शिष्य चार्ल्स पर्डम संदेश बोलून दाखवीत. जगाचे डोळे आणि कान असे बिरुद मिरवणाऱ्या कंपनीने असा न बोलणारा माणूस टिपला, आणि नगर जिल्ह्यातले एक नाव जगभरच्या चित्रगृहांच्या वाटेला लागले.

आपल्याकडे वार्तापटाला सगळे न्यूजरीलच म्हणत. मुख्य चित्रपटाआधी दहा मिनिटांच्या आत संपणाऱ्या या बातम्यांचे कूळ शोधायला गेले, तर त्याची एक मुळी मुंबईत सापडते. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. छायाचित्रणाचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी त्यानंतर इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे १९०१ च्या अखेरीस मायदेशी परतले, तेव्हा मुंबईतले त्यांचे स्वागतही सावे दादांनी चित्रित केले. घडलेली गोष्ट, तिचे सार्वजनिक महत्त्व आणि ती लोकांना दाखवण्याची ओढ हे तिन्ही त्यात होते. म्हणून भारतीय बातमीचित्राची सुरुवात तिथून मानतात.

पण एखादी घटना टिपली म्हणजे वार्तापट झाला असे नव्हे. त्याला ठरलेला वार लागतो, सात-आठ बातम्यांची जुळणी लागते आणि गावोगाव रिळे पोचवणारी यंत्रणा लागते. ही घडी फ्रान्सच्या पाथे कंपनीने बसवली आणि १९११ मध्ये अमेरिकेत नेली. तिसाव्या दशकात तिथे पाथे, फॉक्स, पॅरामाउंट, हर्स्ट आणि युनिव्हर्सल अशा पाच कंपन्या आठवड्यातून दोनदा नवे रीळ काढत होत्या. कॅमेरामन फिल्मच्या डब्यासोबत एक चिठ्ठी पाठवी. तिला डोप शीट म्हणत. स्थळ, तारीख, दृश्यांचा क्रम, माणसांची नावे, सगळे तिच्यात असे. संकलक त्या आधारे कापाकापी करी आणि वर निवेदन व संगीत चढे. ताज्या रिळाचे भाडे जास्त, म्हणून मोठ्या शहरांतली मोठी चित्रगृहे ते आधी दाखवत. लहान गावाच्या वाट्याला तेच रीळ आठवड्यांनी, झिजून, कमी भाड्यात येई.

१९२७ मध्ये या चित्रांना आवाज मिळाला. २० मे रोजी सकाळी लिंडबर्गचे विमान अटलांटिक ओलांडायला निघाले आणि त्याच रात्री न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याची घरघर ऐकली. १९३१ मध्ये फॉक्सची माणसे ध्वनियंत्र घेऊन गुजरातेत बोरसदला गेली आणि गांधीजींचे बोलणे त्यांनी फिल्मवर घेतले. मेहेर बाबांचे चित्रीकरण त्याच्या पुढच्या वर्षीचे. अमेरिकी कंपन्यांना पूर्वेकडच्या सत्पुरुषांचे कुतूहल होते आणि ते तिकीटबारीवर खपत होते, हे यामागचे कारण विसरता येत नाही.

त्याच पॅरामाउंटची पाच वर्षांनंतरची गोष्ट वार्तापटाचा खरा स्वभाव दाखवते. ३० मे १९३७ रोजी शिकागोत पोलाद कामगारांच्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा कामगार मृत्युमुखी पडले. पॅरामाउंटच्या कॅमेऱ्यात ते आले होते, पण लोक भडकतील या सबबीने कंपनीने रीळ दाबून ठेवले. सिनेटच्या चौकशी समितीने ते मागवून पाहिले, तेव्हा स्वसंरक्षणार्थ गोळ्या झाडल्याचा पोलिसांचा दावा उघडा पडला. त्यानंतरच ते चित्रगृहांत आले. कॅमेरा हजर होता म्हणून सत्य वाचले हे खरे. पण रीळ कुणीतरी मागितले, म्हणून ते लोकांपर्यंत पोचले हेही तितकेच खरे.

नगरने याची दुसरी बाजू पाहिली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. खास गाडीने नेताना गांधीजींना चिंचवडला उतरवले आणि नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव यांच्यासह कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांना नगरच्या किल्ल्यात आणले. त्यांना कुठे ठेवले आहे हेच सरकारने गुप्त ठेवले, मग कॅमेरा कुठून येणार! विशेष म्हणजे युद्धाच्या प्रचारासाठी भारतात नियमित वार्तापट सुरू झाला तो याच सुमारास. ‘इंडियन मूव्हीटोन न्यूज’ निघाले आणि १९४३ मध्ये सरकारच्या हाती जाऊन ‘इंडियन न्यूज परेड’ झाले. भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळात दोन हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस मिनिटे, सरकारमान्य चित्रे दाखवणे चित्रगृहांवर बंधनकारक झाले. रणगाडे, कारखाने, सैनिकभरती पडद्यावर रोज दिसत असताना देशाचे भावी पंतप्रधान आणि गृहमंत्री कुठल्या भिंतीआड आहेत, याची एकही चौकट त्या बातम्यांत नव्हती. किल्ल्यातल्या त्या दिवसांचे चित्र आज आपल्याला मिळते ते ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या हस्तलिखितातून आणि मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांतून. कॅमेऱ्याला मज्जाव होता, तिथे कैद्यांच्या लेखणीने काम केले.

सरकारी वार्तापट १९४६ मध्ये बंद पडला. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारकडे स्वतःचे पथकच नव्हते. आज आपण तो पाहतो तो खाजगी कॅमेरामन आणि परदेशी कंपन्यांच्या कृपेने. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि ‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ दर आठवड्याला, पुढे मराठीसह अनेक भाषांत निघू लागला. प्रदर्शनाची सक्ती मात्र इंग्रजांचीच पुढे चालू राहिली, आता परवान्याच्या अटीच्या रूपाने. धरणे, पूर, कालवे, नेत्यांचे दौरे, क्रिकेटचे सामने. लहान गावातल्या माणसाने देश हलताना पाहिला तो याच चित्रांत. तेव्हा सरकारच्या नजरेने दाखवलेले म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. ते कुणाच्या नजरेने टिपले, हे लक्षात ठेवून पाहायचे, एवढेच.

दूरचित्रवाणीने वार्तापटाचे काम काढून घेतले. युनिव्हर्सलचे शेवटचे रीळ १९६७ मध्ये निघाले. मग प्रश्न आला सांभाळण्याचा. जुनी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूटलंडमधील कोठारात आग लागून युनिव्हर्सलची लाखो फूट फिल्म जळाली. २००३ च्या जानेवारीत पुण्यातही आगीने नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गिळला. जे उरले त्याचे डिजिटायझेशन आता होत आहे. फिल्म्स डिव्हिजनचा ठेवा २०२२ मधल्या विलीनीकरणानंतर एनएफडीसीकडे आहे.

पण डिजिटायझेशनने फिल्म वाचते, तिचा अर्थ वाचत नाही. गर्दीतला फेटेवाला कोण, मागे दिसते ती वेस कुठली, हे डोप शीटमध्ये नसेल तर कुठलेही यंत्र सांगणार नाही. ते सांगतील त्या गावची म्हातारी माणसे. जुन्या वार्तापटांतली जिल्ह्याची दृश्ये मागवावीत, नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आणि महाविद्यालये यांनी ती गावोगाव दाखवावीत आणि प्रत्येक दृश्याखाली नाव, गाव, साल लिहून घ्यावे. शिकागोचे रीळ साक्षीदार ठरले, कारण ते मागणारे कुणी होते. आपल्या रिळांना ती मागणी आपणच करायची आहे, आणि ओळख पटवणारे डोळे आहेत तोवरच तिला अर्थ आहे.