संगणक-स्तब्धता

चालू असलेल्या संगणकाने कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी काम थांबविणे म्हणजे संगणक-स्तब्धता होय. व्यवहारात यालाच संगणक ‘हँग होणे’ म्हणतात. या अवस्थेत पडद्यावरील चित्र जसेच्या तसे राहते आणि कळफलक व माउस यांना प्रतिसाद मिळत नाही. तथापि विद्युत् पुरवठा चालू असतो व पुष्कळदा पंखाही फिरत राहतो. म्हणून स्तब्ध झालेला संगणक व बंद पडलेला संगणक यांत भेद करावा लागतो. ठरावीक कृती केली असता दर वेळी उद्भवणारा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. कधी तासाभराने, तर कधी आठवड्याने व कोणत्याही कामाच्या वेळी उद्भवणारी अनियमित स्तब्धता मात्र निदानास अत्यंत अवघड असते. घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा घटक संगणकाच्या आतच असतो व तोही त्याच क्षणी थांबतो, हे यामागील मुख्य कारण आहे. त्यामुळे या दोषाच्या निदानाचा इतिहास हा बहुतांशी थांबलेल्या यंत्राकडून साक्ष मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

*निर्वात नलिकांचा काळ :* अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १९४६ मध्ये जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या. त्यांपैकी एक निकामी झाली, तरी गणित चुके किंवा यंत्र थांबे. यंत्र बंद व चालू करताना नलिका अधिक प्रमाणात निकामी होतात असे दिसून आल्याने ते शक्यतो अखंड चालू ठेवीत. पूर्णपणे निकामी झालेली नलिका शोधता येई. परंतु क्षीण होत चाललेली नलिका कधी काम करी, तर कधी करीत नसे. यावर मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या व्हर्लविंड या संगणकासाठी सीमा-चाचणीची पद्धत विकसित झाली. तीत देखभालीच्या वेळी विद्युत् दाब मुद्दाम कमीजास्त करीत. त्यामुळे क्षीण नलिका प्रत्यक्ष कामात दगा देण्यापूर्वीच उघडकीस येई. अनियमित दोषाची वाट पाहत बसण्याऐवजी त्याला प्रतिकूल परिस्थितीत प्रकट होण्यास भाग पाडावे, हे तत्त्व आजही उपयोगात आहे.

भारतात अशा यंत्राचा अनुभव मुंबईतही घेण्यात आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली एक लहान प्रायोगिक संगणक तयार झाला व तो १९५६ मध्ये चालू झाला. त्यानंतर उभारलेला पूर्ण आकाराचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्याला ‘टीआयएफआरएसी’ (टिफ्रॅक) हे नाव देण्यात आले. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम द्विप्रस्थ व १२,५०० रोधक होते. हे यंत्र संस्थेतच बांधलेले असल्यामुळे त्याची अंतर्गत रचना ते चालविणाऱ्यांस पूर्णपणे ज्ञात होती. आजच्या लॅपटॉपमध्ये अब्जावधी ट्रँझिस्टर असतात आणि त्याचा वापर करणाऱ्यास त्यांपैकी एकही दिसत नाही. दोष शोधण्याच्या दृष्टीने या दोन काळांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

*स्मृतीतील दोष :* बेल प्रयोगशाळेतील रिलेयुक्त संगणकास चूक झाल्याचे ओळखता येई. परंतु ओळखल्यावर तो हातातील काम सोडून देई. शनिवार-रविवारी देखरेखीस कोणी नसल्याने आपली गणिते वाया जात, यामुळे त्रस्त होऊन आर्. डब्ल्यू. हॅमिंग यांनी चूक ओळखून ती दुरुस्तही करणाऱ्या संकेतनाची पद्धत शोधली व ती १९५० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अर्धसंवाहक स्मृती प्रचारात आल्यावर इंटेल कंपनीतील टी. सी. मे व एम्. एच्. वुड्स यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असे दाखवून दिले की, चिपच्या आवरणातील सूक्ष्म किरणोत्सर्गी अशुद्धीतून निघणाऱ्या आल्फा कणांमुळेही स्मृतीतील एखादा अंक बदलू शकतो. अशा वेळी चिप निर्दोष असते व चूक पुन्हा त्याच जागी आढळत नाही. मोठ्या सेवासंगणकांत दुरुस्तीक्षम स्मृती वापरतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये मात्र ती नसते. साध्या स्मृतीचा प्रत्येक भाग लिहून व वाचून तपासणारा मेमटेस्ट-८६ हा कार्यक्रम १९९४ मध्ये उपलब्ध झाला. तो व त्यापासून निघालेले कार्यक्रम अद्यापि वापरात आहेत.

*पहारेकरी घड्याळ :* जेथे माणूस हात लावू शकत नाही अशा यंत्रांत ‘पहारेकरी घड्याळ’ बसविण्याची प्रथा पडली. संगणकाने ठरावीक मुदतीत या घड्याळाला आपण चालू असल्याची खूण दिली नाही, तर ते संगणक पुन्हा प्रारंभापासून चालू करते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच असा वारंवार पुन्हा चालू होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर प्रत्येक घटनेची नोंद करीत तोच प्रसंग घडवून आणला, तेव्हा कारण समजले. हवामानविषयक माहिती गोळा करणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कामाने एक सामायिक साधन अडवून ठेवले होते. त्याच साधनासाठी उच्च अग्रक्रमाचे काम खोळंबून होते आणि मध्यम अग्रक्रमाची कामे पहिल्यास पुढे सरकू देत नव्हती. कार्यक्रमातील एक निवड बदलून हा दोष पृथ्वीवरूनच दूर करण्यात आला. प्रक्षेपणापूर्वीच्या चाचण्यांतही असे क्वचित घडले होते. परंतु ते पुन्हा घडवून आणता न आल्यामुळे त्याचा उलगडा तेव्हा झाला नव्हता.

*लिनक्स :* फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या परिचालन प्रणालीची घोषणा केली. तिच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. कर्नेलचा मजकूर सर्वांस खुला असल्यामुळे दोष शोधण्याची साधनेही त्यातच जमा होत गेली. कळफलकावरील ‘सिस्आरक्यू’ या कळीच्या साहाय्याने, वरवर स्तब्ध दिसणाऱ्या संगणकाच्या कर्नेलला थेट आज्ञा देता येतात. कर्नेल जिवंत असेल, तर माहिती तबकडीवर सुरक्षित लिहवून यंत्र पुन्हा चालू करता येते. संस्कारक एकाच कामात अडकून पडल्यास तशी सूचना देणारा शोधक, नोंदी जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्याची सोय आणि कोसळतेवेळी स्मृतीची प्रत काढून ठेवणारी यंत्रणा ही अशीच अन्य साधने होत. टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘गिट’ या प्रणालीमुळे कर्नेलच्या चांगल्या व सदोष आवृत्तींमधील अंतर निम्मे-निम्मे करीत नेमका दोषकारक बदल हुडकता येतो. हजार बदलांपैकी एक शोधण्यास अशा रीतीने सु. दहा चाचण्या पुरतात.

*लॅपटॉपमधील कारणे :* लॅपटॉप बॅटरीवर चालत असल्याने विजेची बचत त्यात महत्त्वाची असते. काम नसताना संस्कारक क्रमाक्रमाने अधिकाधिक गाढ निद्रावस्थांत जातो. या अवस्थांतून परत येताना अडचण आली, तर संगणक भारी काम चालू असताना नव्हे, तर निवांत असताना स्तब्ध होतो. इंटेलने २०१३ मध्ये आणलेल्या ‘बे ट्रेल’ जातीच्या स्वस्त लॅपटॉपमधील संस्कारकांवर लिनक्स असाच थांबत असे. गाढ निद्रेस मज्जाव करणे हा त्यावरील तात्पुरता उपाय पुढील काही वर्षे प्रचलित होता. मात्र त्यामुळे बॅटरी लवकर संपे. २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन संस्कारकांच्या काही संगणकांतही निवांत असताना स्तब्धता आढळली व निद्रावस्थांवर मर्यादा घातल्यावर ती थांबली.

चित्रसंस्कारकाचा चालक-कार्यक्रम हे दुसरे कारण होय. यात पुष्कळदा केवळ पडदा थांबतो व उरलेला संगणक चालू असतो. तिसरे कारण स्मृतीची टंचाई हे आहे. स्मृती भरत आली म्हणजे कर्नेल पाने तबकडीवर हलविण्यात व परत आणण्यात गुंतून पडते. संगणक बंद पडत नाही. पण एक कळ उमटण्यास काही मिनिटे लागू शकतात. ही ओढाताण मोजण्याची सोय डिसेंबर २०१८ मध्ये कर्नेलच्या ४·२० या आवृत्तीत आली. तिच्या आधारे एखादा कार्यक्रम वेळीच बंद करणाऱ्या सेवा पुढे प्रचारात आल्या. याखेरीज उष्णता, सदोष स्मृतिपट्टी, सैल जोडण्या, जीर्ण तबकडी व निकृष्ट अडॅप्टर ही यांत्रिक कारणे आहेतच.

*वसई-विरार परिसर :* यांत्रिक कारणांवर स्थानिक परिस्थितीचा परिणाम होतो. पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) वसई-विरार शहराच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी व पश्चिमेस अरबी समुद्र आहे. पावसाळ्यातील दमट व खारी हवा धातूच्या जोडण्यांना अपायकारक असते. धूळ व दमटपणा यांच्या मिश्रणाने पंख्याचे मार्ग चोंदतात. स्मृतिपट्टी काढून तिची टोके पुसून पुन्हा बसविल्यावर संगणक सुरळीत होतो, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा अनुभव याच्याशी सुसंगत आहे. जुलै २०१८ ची अतिवृष्टी व मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळ यांच्या वेळी या भागातील वीजपुरवठा खंडित झाला होता. अशा वेळी चालू संगणकाचा पुरवठा एकाएकी तुटला, तर तबकडीवरील नोंदी अर्धवट राहतात. लॅपटॉपला बॅटरीमुळे यापासून संरक्षण मिळते. परंतु जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा निरुपयोगी झालेली असते.

या परिसरात जुने लॅपटॉप मोठ्या प्रमाणात वापरले जातात. मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही संगणकीय सुट्या भागांची व वापरलेल्या संगणकांची प्रसिद्ध बाजारपेठ असून ती विरारहून येणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच आहे. कमी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर लिनक्स हलकी व विनामूल्य असल्याने सोयीची पडते. मुंबई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने तिचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे अध्यापन व परीक्षा दूरस्थ झाल्या, तेव्हा घरातील एकुलत्या लॅपटॉपची स्तब्धता ही केवळ गैरसोय राहिली नाही. तीमुळे विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका अपुरी राहण्याचा संभव होता. निदान चुकले, तर निर्दोष स्मृतिपट्टी किंवा सबंध लॅपटॉप टाकून देण्याचा भुर्दंडही पडतो.

*निदानाची रीत :* प्रथम काय थांबले आहे ते ठरवितात. कॅप्स लॉकचा दिवा कळीस प्रतिसाद देत असेल किंवा दुसऱ्या संगणकावरून संपर्क होत असेल, तर दोष बहुधा चित्रप्रणालीत किंवा स्मृतीच्या टंचाईत असतो. दिवा आपोआप उघडझाप करीत असेल, तर कर्नेल कोसळलेले असू शकते. काहीच प्रतिसाद नसल्यास यंत्रभाग किंवा निद्रावस्था यांचा संशय बळावतो. पुन्हा चालू केल्यावर मागील सत्राच्या अखेरच्या नोंदी वाचतात. नोंद मध्येच तुटलेली असणे, हीदेखील एक साक्षच होय. त्यानंतर रात्रभर स्मृतीची चाचणी घेणे, तापमान पाहणे, अडॅप्टर काढून बॅटरीवर चालविणे, पेनड्राइव्हवरील दुसऱ्या प्रणालीवर चालवून पाहणे, कर्नेलची जुनी वा नवी आवृत्ती वापरणे आणि निद्रावस्थांवर मर्यादा घालणे हे उपाय क्रमाने करतात. एका वेळी एकच बदल करणे आवश्यक असते. अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही.

येथे संभाव्यतेचा विचार अपरिहार्य ठरतो. समजा, संगणक यदृच्छया, परंतु सरासरीने तीन दिवसांतून एकदा स्तब्ध होतो. एखादा बदल केल्यावर तीन दिवस काही घडले नाही, तर सामान्यतः दोष गेला असे मानले जाते. वस्तुतः बदल निरुपयोगी असला, तरी तीन दिवस सुरळीत जाण्याची संभाव्यता सु. ३७% असते. नऊ दिवस सुरळीत गेले, तर ती सु. ५% वर येते. म्हणजे सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ वाट पाहिल्याविना निष्कर्ष काढणे योग्य नाही. अनेक प्रचलित ‘रामबाण’ उपायांची कीर्ती अशा अपुऱ्या प्रतीक्षेवर आधारलेली असते.

*अलीकडील प्रगती :* चित्रमय पडदा वापरात आल्यापासून लिनक्समध्ये कर्नेल कोसळतानाचा संदेश सामान्यतः पडद्यावर उमटत नसे. त्यामुळे कोसळणे व स्तब्ध होणे वापर करणाऱ्यास सारखेच दिसत. जुलै २०२४ मधील ६·१० या आवृत्तीपासून, चालक-कार्यक्रमाने साथ दिल्यास, असा संदेश पडद्यावर दाखविण्याची सोय झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६·१२ या आवृत्तीत तो क्यूआर सांकेतिक चौकटीच्या रूपाने दाखविण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे भ्रमणध्वनीने छायाचित्र घेऊन तो वाचता येतो. संस्कारकच पूर्णपणे थांबल्यास मात्र ही सोय निष्फळ ठरते आणि नोंद, तुलना व पुरेशी प्रतीक्षा यांवरच अवलंबून राहावे लागते.