कर्डें, सुपें आणि बारावें कलम

शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं डिसेंबर १८७४ मध्यें काळूराम सावकारानें बाबासाहेब देशमुखांवरील हुकूमनामा बजावून त्यांची मिळकत अवघ्या १५० रुपयांस लिलांवांत घेतली व राहतें घर पाडावयास काढलें. गांवानें सावकारांशीं व्यवहार तोडला. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगल उसळली. तें तेव्हां दौंडाप्रमाणेंच भीमथडी तालुक्यांत मोडे. जमावाला पैशापेक्षां खतें हवीं होतीं. हातीं लागलीं तीं त्यानें जाळलीं.

जमावाचा नेम चुकला नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खत तीनच वर्षें चाले. म्हणून मुदत भरत आली कीं व्याज मुदलांत मिळवून नवें खत होई. (कायदा कुळाच्या सोयीसाठीं होता, हें विशेष!) न्यायाधीश सही खरी कीं खोटी एवढेंच पाहत, मूळ रक्कम किती, हें विचारीत नसत. कूळ बहुधा हजरच नसे व निकाल एकतर्फी लागे.

१८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याच्या १२ व्या कलमानें, दाव्याच्या रकमेविषयीं वाद असल्यास देवघेवीचा इतिहास आरंभापासून तपासणें कोर्टांस भाग पाडलें. मग कित्येक सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागले. जमीन परत देण्याचा करार तोंडीच राही, आणि लेखाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसे. ही वाट बुजविण्यास १०-अ हें कलम मागाहून घालावें लागलें. खरेदी ही वस्तुतः गहाणच काय, हें पाहण्याची मुभा कोर्टांस त्यानें मिळाली.