पोटदुखी बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे का सरकते?

पोट दुखू लागले की घरात पहिला प्रश्न असतो, "काल काय खाल्लंस?" मग ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. पण काही पोटदुखींमध्ये वाट पाहणे जिवावर बेतू शकते. त्या ओळखायच्या असतील, तर पोटातली वेदना मेंदूपर्यंत कशी पोहोचते ते समजून घ्या.

अन्नाचा प्रवास

घास अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात उतरतो. तिथे तो आम्ल आणि पाचकरसात घुसळला जातो. साध्या जेवणाचा बराचसा भाग जठरातून पुढे सरकायला साधारण २ ते ४ तास लागतात. पुढे सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो आणि पोषक घटक रक्तात शोषले जातात. उरलेला भाग सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात जातो. तिथे पाणी शोषले जाऊन मल तयार होतो.

आतड्याला कशाने दुखते?

हाताला टाचणी टोचली तर नेमकी कुठे, हे डोळे मिटूनही सांगता येते. आतड्याचे तसे नाही. दुर्बिणीतून तपासताना आतड्याच्या आतील आवरणाचा छोटा तुकडा काढला, तरी त्या कापण्याची वेदना होत नाही. आतडे ताणले गेले, आवळले गेले, सुजले किंवा त्याचा रक्तपुरवठा कमी पडला, तर मात्र दुखते. गॅसने पोट फुगल्यावर येणारी कळ ताणामुळे असते, मुरडा आवळल्यामुळे.

शिवाय आतड्यात वेदना नेणारे तंतू थोडे असतात आणि मज्जारज्जूत ते त्वचेकडून येणाऱ्या तंतूंच्या वाटेलाच मिळतात. त्यामुळे मेंदूला जागा नीट कळत नाही. जठराचे दुखणे पोटाच्या वरच्या भागात मधोमध जाणवते, लहान आतड्याचे बेंबीभोवती, तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे बेंबीखाली. पित्ताशयातील खड्यांचे दुखणे उजव्या खांद्यातही जाणवू शकते.

अपेंडिक्सचे उदाहरण

अपेंडिक्स असते पोटाच्या उजव्या बाजूला, खाली. पण सूज येऊ लागली की आधी बेंबीभोवती बोथट दुखते, कारण त्याचे तंतू लहान आतड्याच्या तंतूंबरोबर जातात. भूक मरते, मळमळते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. या अस्तराचे तंतू त्वचेसारखेच जागा नेमकी सांगणारे असतात. आता दुखणे उजवीकडे खाली स्थिरावते आणि खोकल्यावर किंवा गाडीला हिसका बसल्यावर वाढते.

नेमक्या या काळात "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळले जाते किंवा पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल दिले जाते. हे टाळा. सुजलेले अपेंडिक्स फुटू शकते. फुटल्यावर दुखणे थोडा वेळ कमी होते, त्यामुळे बरे वाटले असा समज होतो; नंतर ते पोटभर पसरते. सगळ्यांमध्ये हा क्रम दिसतोच असे नाही. लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रियांमध्ये लक्षणे वेगळी असू शकतात.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

- दुखणे जागा बदलून एका ठिकाणी स्थिरावले किंवा सतत वाढत असेल
- पोट फळीसारखे कडक झाले असेल
- पोट फुगले असून शौच आणि गॅस दोन्ही बंद असतील
- उलटीत रक्त किंवा हिरवे पित्त येत असेल. शौच डांबरासारखे काळे किंवा रक्ताचे असेल
- ताप, चक्कर किंवा डोळे पिवळे होणे सोबत असेल
- गरोदरपणात किंवा पाळी चुकलेली असताना पोटात तीव्र दुखत असेल

पोटाच्या वरच्या भागात जळजळ किंवा दाब जाणवतो आणि सोबत घाम, धाप किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ आहे, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नका. हृदयविकाराचा झटकाही असाच जाणवू शकतो. तातडीने १०८ वर फोन करा.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी आठवून ठेवा: दुखणे कुठे सुरू झाले, आता कुठे आहे आणि मधे किती तास गेले. निदानाला याची मोठी मदत होते. वेदनाशामक गोळी घेतली असेल, तर तिचे नाव आणि वेळही सांगा.