मनुष्यत्वाचा निकष आणि यंत्रमानव

१९२१ साली परस्परांशी सर्वथा असंबद्ध अशा दोन घटना घडल्या. प्राग येथे कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यातील 'रोबो' हा शब्द पुढे जगभर गेला. त्याच वर्षी बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या अवस्थेशी तादात्म्य पावणे, यात केळकरांना वाङ्मयानंदाचे मूळ दिसले. चापेकच्या नाटकाचा शेवटही अशाच तादात्म्यावर उभा आहे. विच्छेदनासाठी एका यंत्रमानवाची मागणी होताच प्रायमस आणि हेलेना दोघेही दुसऱ्याऐवजी स्वतःला पुढे करतात. आणि तेथेच त्यांचे मनुष्यत्व सिद्ध होते.

पुढे १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राच्या बुद्धीची कसोटी संभाषणात शोधली. फिलिप के. डिक यांच्या १९६८ मधील कादंबरीने मात्र बुद्धीचा निकष नाकारला. तेथे यंत्रमानव बुद्धीने माणसाला मागे टाकू शकतो. त्याला ओळखायचे ते प्रश्न ऐकताच डोळ्यांत आणि चेहऱ्यावर उमटणाऱ्या अनैच्छिक प्रतिक्रियेवरून. यांतील बहुतेक प्रश्न प्राण्यांवरील क्रौर्यासंबंधी आहेत. नाझी अधिकाऱ्याच्या एका दैनंदिनीतून ही कल्पना सुचल्याचे डिक यांनी सांगितले होते. भुकेल्या मुलांच्या रडण्याने आपली झोपमोड होते, अशी त्या अधिकाऱ्याची तक्रार होती. म्हणजेच डिक यांचा यंत्रमानव हा मुळात हृदयशून्य माणूसच होय.

परंतु हा निकष निर्दोष आहे काय? महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहिले असता या प्रश्नाला धार येते. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी पिण्यास मज्जाव नव्हता; तो अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्राशन केले, त्यानंतर पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. गाईविषयी कळवळा बाळगणारा तो समाज डिक यांच्या कसोटीत बहुधा उत्तीर्ण झाला असता. करुणा असणे पुरेसे नाही. ती कोणाच्या वेशीपाशी थांबते, हे पाहावे लागते.

मराठी विज्ञानकथेने हा प्रश्न क्वचितच ऐरणीवर घेतला. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतील भय आहे ते स्वतःसारखेच यंत्रमानव घडवू पाहणाऱ्या यंत्राचे. तेथे चिंता मानवजातीच्या अस्तित्वाची आहे, अंतःकरणाची नव्हे.

डिक यांच्या कादंबरीत अखेर परीक्षकच परीक्षार्थी होतो : यंत्रमानवांना ठार करणारा डेकार्ड त्यांतील काहींविषयी आपल्या मनात कणव असल्याचे त्याच यंत्रावर पडताळून पाहतो. केळकरांच्या 'सविकल्प' या विशेषणाचे मोल येथे जाणवते. दुसऱ्याच्या जागी जाताना आपले भान सुटत नाही, म्हणूनच आपण त्याला आजवर कोठे उभे केले होते, हेही दिसते. मनुष्यत्वाचा निकष लावायचा तो प्रथम निकष लावणाऱ्याला.