वस्ती मूल्यमापन पद्धत

व्हिएतनाम युद्धात दक्षिण व्हिएतनामच्या ग्रामीण भागावर सायगाव सरकारची पकड किती, हे मोजण्यासाठी अमेरिकेने १९६७ मध्ये सुरू केलेली मासिक पाहणी. जिल्ह्यात नेमलेला अमेरिकी सल्लागार प्रत्येक वस्तीला १८ निकषांवर ‘ए’ ते ‘ई’ श्रेणी देई. उघडपणे व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिणेतील कम्युनिस्ट बंडखोरांच्या, ताब्यातील वस्त्यांसाठी ‘व्ही’ हा वेगळा शेरा होता. वस्त्या बारा हजारांहून अधिक. एकेका सल्लागाराकडे कितीतरी वस्त्या असत, व्हिएतनामी भाषा थोड्यांनाच येई, आणि दिवसा शांत दिसणारी वस्ती रात्री कोणाची असते हे त्याने पाहिलेले नसे. तरीही त्याचा अंदाज संगणकात गेला की टक्केवारी होऊन वॉशिंग्टनला पोहोचे.

सुमारे दोन-तृतीयांश लोकसंख्या सुरक्षित असल्याचे आकडे हाती असताना, नोव्हेंबर १९६७ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड यांनी युद्धाचा शेवट दृष्टिपथात आल्याचे सांगितले. जानेवारी १९६८ अखेर व्हिएतकाँग आणि उत्तर व्हिएतनामच्या टेट आक्रमणात शंभरावर शहरांवर आणि गावांवर हल्ले झाले. त्यात व्हिएतकाँगची जबर हानी झाली, त्यामुळे आकड्यांवर विश्वास असणाऱ्यांनी आणि नसणाऱ्यांनीही तोच प्रसंग आपापला पुरावा म्हणून वापरला. शत्रूच्या संख्येवरूनही सीआयए आणि अमेरिकी लष्करी मुख्यालय यांच्यात आधीपासून खडाजंगी होती.

१९७० मध्ये पद्धत सुधारली. सल्लागाराने फक्त वस्तुस्थिती नोंदवायची, श्रेणी संगणकाने ठरवायची. आकडे चढतच गेले, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. मात्र एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले ते उत्तर व्हिएतनामच्या नियमित सैन्याच्या रणगाड्यांपुढे, ज्यांची मोजणी या तक्त्यात कधी नव्हतीच.