हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा घ्यायचे सलाइन : आधी, त्या दिवशी आणि नंतर

हाडे ठिसूळ झाली की साध्या पाय घसरण्यानेही खुबा मोडू शकतो किंवा मणका दबू शकतो. हे टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक म्हणजे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. ते शिरेतून, सलाइनवाटे, बहुधा वर्षातून एकदाच दिले जाते. त्यासाठी दाखल व्हावे लागत नाही. सगळे नीट असेल तर रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. बारामती आणि इंदापूर परिसरातील रुग्ण व त्यांचे नातेवाईक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे औषध काय करते?

आपल्या शरीरात जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी सतत काम करत असतात. पाळी गेल्यानंतर आणि वाढत्या वयात झीज जास्त होते, भरणा कमी पडतो. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हाडाला चिकटून राहते आणि झीज करणाऱ्या पेशींना आवर घालते. म्हणूनच एका डोसचा परिणाम वर्षभर टिकतो.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होरायझन’ चाचणीत हे औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तीन वर्षांत मणक्याचे नवे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र हे वेदनाशामक नाही. सलाइन घेतल्यावर गुडघेदुखी थांबेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

सलाइनच्या आधी काय तपासतात?

- मूत्रपिंड : रक्तातील क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडाची क्षमता काढतात. ती मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देत नाहीत. मधुमेह, रक्तदाब किंवा वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या घेण्याची सवय असेल तर ही तपासणी कधीही टाळू नका. मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना सांगा.
- कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व : दिवसभर उन्हात शेतात राबणाऱ्यांमध्येही ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. ती आधी भरून काढावी लागते. नाहीतर सलाइननंतर रक्तातील कॅल्शियम एकदम उतरू शकते.
- दात : या औषधानंतर क्वचित, विशेषतः दात काढल्यावर, जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. मिशरी किंवा तंबाखूमुळे हिरड्या खराब असतील, दात हलत असतील, तर दंतवैद्यांकडून ते काम आधी उरकून घ्या.

खुब्याचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर साधारणपणे किमान दोन आठवडे थांबून हे सलाइन देतात.

त्या दिवशी काय होते?

उपाशी येऊ नका. नेहमीप्रमाणे जेवून, निघण्यापूर्वी दोन ग्लास पाणी पिऊन या. एकादशी किंवा चतुर्थीचा कडक उपवास असेल तर दुसरा दिवस घ्या. शरीरात पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. उलट्या-जुलाब किंवा ताप असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला. रोजची औषधे चालू ठेवायची का, हे आधीच विचारा. लघवी जास्त होण्याची गोळी असेल तर आवर्जून सांगा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती प्यायचे ते डॉक्टर ठरवतील.

हाताच्या शिरेत सुई लावून ५ मिलिग्रॅम औषध १०० मिलिलिटर द्रावणातून सोडतात. यासाठी किमान १५ मिनिटे लागतात. काही ठिकाणी अर्धा तास देतात. ‘जरा लवकर संपवा, गाडी चुकेल’ असा आग्रह धरू नका, घाईने दिल्यास मूत्रपिंडाला धोका असतो. थोडा वेळ बसवून मग घरी सोडतात. भिगवण, वालचंदनगर किंवा बावड्याहून येत असाल तर सोबत कोणीतरी असू द्या आणि परत दुचाकी स्वतः चालवू नका.

दुसऱ्या दिवशी ताप आला तर?

पहिल्या डोसनंतर साधारण तिघांपैकी एकाला ताप, कसकस, अंगदुखी, डोकेदुखी होते. हा त्रास बहुधा तीन दिवसांच्या आत सुरू होतो आणि तीन-चार दिवसांत जातो. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, विश्रांती घ्या. लग्नकार्य, ऊसतोड किंवा वारीच्या तोंडावर पहिला डोस घेऊ नका.

या तापाला घाबरून ‘आईला ते सलाइन मानवत नाही’ म्हणून अनेक घरांत पुढचा डोस घेतला जात नाही. पण हा त्रास दर वेळी तसाच होत नाही. वरील चाचणीत तो पहिल्या डोसनंतर सुमारे ३२ टक्के, दुसऱ्यानंतर ७ टक्के आणि तिसऱ्यानंतर ३ टक्के रुग्णांना झाला. दोन-तीन दिवसांचा ताप आणि मोडलेला खुबा यांची तुलना होऊ शकत नाही.

डॉक्टरांशी लगेच कधी संपर्क साधावा?

- ताप चार दिवसांहून जास्त राहिला. मग डेंग्यू किंवा लघवीचा संसर्ग असे दुसरे कारण शोधावे लागते
- तोंडाभोवती किंवा बोटांना मुंग्या, हातापायात पेटके
- डोळा लाल होऊन दुखणे, अंधुक दिसणे
- लघवी कमी होणे
- छातीत धडधड, श्वास लागणे, अंगावर पित्त उठणे
- पुढील महिन्यांत मांडीत किंवा जांघेत सतत दुखणे, जबडा दुखणे

पुढे काय?

सांगितलेल्या कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद करू नका. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख केसपेपरवर लिहून घ्या. हेच औषध कर्करोगाच्या रुग्णांना ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत, जास्त वेळा देतात. दोन ठिकाणी उपचार चालू असतील तर ही नोंद दोन्ही डॉक्टरांना दाखवा. साधारण तीन डोसनंतर औषध काही काळ थांबवायचे की चालू ठेवायचे, हे हाडांची घनता आणि फ्रॅक्चरचा धोका पाहून ठरते.

आणि घरही तपासा. ओली मोरी, अंगणातील शेवाळ, रात्री अंधारात बाहेरच्या संडासला जाणे यामुळेच अनेक जण पडतात. मोरीत धरायला दांडा, पायाखाली न घसरणारी फरशी आणि उशाशी बॅटरी ठेवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपला उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.*